वाकणारा सौरघट आणि त्यावरचा न दिसणारा थर

छपरावरच्या नेहमीच्या सोलर पॅनेलकडे जवळून पाहिलं की गडद निळ्या-काळ्या पृष्ठभागावर चांदीच्या बारीक रेघा दिसतात. दोन रेघांत साधारण दीड-दोन मिलिमीटरचं अंतर असतं. सिलिकॉनमध्ये सुटा झालेला इलेक्ट्रॉन तेवढं अंतर आडवा सरकून जवळची रेघ गाठतो, म्हणून रेघांवर भागतं. पातळ थरांच्या सौरघटांत मात्र हे जमत नाही. पेरोव्हस्काइट (एका विशिष्ट स्फटिकरचनेचे पदार्थ) किंवा सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रेणूंच्या, घटातला प्रकाश शोषणारा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही पातळ असतो. त्यातून वीज उभी बाहेर पडते, पण आडवी जवळजवळ वाहतच नाही. म्हणून घटाच्या सबंध तोंडावर असा एक थर द्यावा लागतो, जो ऊन आत येऊ देईल आणि वीज कडेपर्यंत नेईल. हा थर म्हणजे पारदर्शक वाहक.

वाकणाऱ्या सौरघटांची चर्चा बहुतेक शोषक थराभोवती फिरते. नवा पदार्थ, नवी कार्यक्षमता, नवा उच्चांक. पण असा घट किती मोठा करता येईल आणि किती वाकवता येईल, हे बहुतेक वेळा या न दिसणाऱ्या थरावर ठरतं. त्याची दखल फार उशिरा घेतली जाते, आणि प्रयोगशाळेत उत्तम चाललेला घट मोठा करताना फसतो तो इथेच.

पारदर्शकही आणि वाहकही, ते कसं?

दृश्य प्रकाशाच्या जांभळ्या टोकाला एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. ज्या पदार्थाचं ऊर्जाअंतर, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन सुटा करायला लागणारी किमान ऊर्जा, याहून मोठं, त्याला दृश्य प्रकाशातला कुठलाच फोटॉन गिळता येत नाही, म्हणून तो पारदर्शक दिसतो. पण असे पदार्थ सहसा वीजरोधकच असतात, कारण त्यांत मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. मग ते बाहेरून घालायचे. इंडियम ऑक्साइडमध्ये काही इंडियमच्या जागी कथील, म्हणजे टिन, बसवलं की प्रत्येक टिन अणू एक इलेक्ट्रॉन जास्तीचा देऊ शकतो. स्फटिकात एखाद्या ऑक्सिजनची जागा रिकामी राहिली तर तिथून आणखी दोन मिळतात. वजनाने ९० टक्के इंडियम ऑक्साइड आणि १० टक्के टिन ऑक्साइड, हे त्याचं रूढ प्रमाण. प्रयोगशाळेत त्याला सगळे आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइड) म्हणतात. ही कल्पना बरीच जुनी आहे. कार्ल बेडेकर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०७ साली कॅडमियमच्या पातळ थराचं ऑक्साइड केलं, तेव्हा तो थर पारदर्शक झाला आणि तरीही वीज वाहून नेत राहिला.

मोकळे इलेक्ट्रॉन हवे तितके घालता येत नाहीत. धातू चमकतो तो त्याच्यातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळेच. ते प्रकाश परतवून लावतात. आयटीओमध्ये एका घन सेंटीमीटरला १० चा २० वा ते २१ वा घात इतके मोकळे इलेक्ट्रॉन असतात, आणि तांब्यात याच्या सुमारे शंभरपट. संख्या कमी असल्यामुळे आयटीओ दृश्य प्रकाश सोडतो, पण अवरक्त पट्ट्यात तोही प्रकाश खाऊ आणि परतवू लागतो. इलेक्ट्रॉन वाढवले की रोध कमी होतो, पण ही अडवणूक दृश्य प्रकाशाच्या दिशेने सरकत येते. पेरोव्हस्काइट घट साधारण ८०० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश वापरतो, त्याला याची झळ कमी. सिलिकॉनला ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश लागतो, त्याला मात्र ती जाणवते. म्हणून चांगल्या थरात इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवण्यापेक्षा त्यांची वाट सुकर करण्यावर भर असतो. दोष कमी, स्फटिक नीट, म्हणजे तेवढेच इलेक्ट्रॉन जास्त काम करतात.

‘ओहम प्रति चौरस’ आणि एक साधं गणित

पातळ थराचा रोध ओहम प्रति चौरस असा सांगतात. कुठला चौरस, असा प्रश्न नव्या माणसाला हमखास पडतो. उत्तर असं, की कुठलाही. एका फरशीच्या समोरासमोरच्या कडांमध्ये १५ ओहम रोध असेल, तर अशा चार फरश्या दोन-दोन जोडून केलेल्या मोठ्या चौरसाचाही रोध १५ ओहमच येतो. एकामागे एक जोडल्याने तो दुप्पट होतो आणि शेजारी शेजारी जोडल्याने निम्मा. काचेवरच्या १५० नॅनोमीटर जाड चांगल्या आयटीओचा हा आकडा १० ते १५ असतो. प्लॅस्टिकवर तो सहज ४०-५० वर जातो. का, ते पुढे येईलच.

या आकड्याची खरी किंमत घटाच्या रुंदीत दिसते. पट्टीच्या आकाराच्या घटात वीज रुंदीच्या दिशेने वाहत एका कडेला गोळा होते. वाटेत वाया जाणाऱ्या शक्तीचा वाटा काढायचा असेल तर प्रवाहघनता (दर चौरस सेंटीमीटरमागचा प्रवाह), थराचा रोध आणि रुंदीचा वर्ग यांचा गुणाकार करायचा आणि त्याला व्होल्टेजच्या तिपटीने भागायचं. चौरस सेंटीमीटरला २० मिलिअँपियर, ०.९ व्होल्ट आणि १५ ओहम धरा. पट्टी ३ मिलिमीटर रुंद असेल तर नुकसान १ टक्का. ५ मिलिमीटरला २.८ टक्के. १ सेंटीमीटरला ११ टक्के. २ सेंटीमीटरला कागदावर तब्बल ४४ टक्के. आता काच काढून ४५ ओहमची प्लॅस्टिक फिल्म घाला. ५ मिलिमीटरलाच ८ टक्के जातात आणि १ सेंटीमीटरला ३३.

प्रयोगशाळेत घट बहुधा ०.१ चौरस सेंटीमीटरचा करतात, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर रुंद. तिथे वाईट थरसुद्धा खपून जातो. म्हणून छोट्या घटाची कार्यक्षमता वाचताना शेजारी क्षेत्रफळ लिहिलंय का, हे आधी बघावं. नसेल तर त्या आकड्यावरून मोठ्या घटाविषयी काहीच सांगता येत नाही.

मोठं पॅनेल करायचं असेल तर ते अरुंद पट्ट्यांत कापून पट्ट्या एकामागे एक जोडाव्या लागतात. त्यासाठी लेसरने तीन रेघा मारतात. पहिली पारदर्शक थर तोडते, दुसरी शोषक थरातून खालच्या इलेक्ट्रोडपर्यंत वाट उघडते, तिसरी मागचा धातूचा थर तोडते. पहिल्या रेघेपासून तिसरीपर्यंतची जागा वीज देत नाही. ही जागा ०.४ मिलिमीटरची आणि पट्ट्या दर ५ मिलिमीटरला असतील, तर ८ टक्के क्षेत्र असंच गेलं. पट्टी रुंद केली तर रोध खातो, अरुंद केली तर रेघा खातात. रोध खाली आणल्याशिवाय या कात्रीतून सुटका नाही.

प्लॅस्टिकवर थर द्यायला काय अडतं

आयटीओचा थर स्पटरिंगने देतात. निर्वात कक्षात आर्गॉनचे आयन आयटीओच्याच सिरॅमिक वडीवर, म्हणजे टार्गेटवर, आपटतात, तिथले अणू उडून समोरच्या पृष्ठावर बसतात. काच २०० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवली की बसलेले अणू सरकून नीट स्फटिक तयार होतो आणि रोध खाली येतो. पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, ७५-८० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. पेन नावाचं त्याच्याच जातीचं महागडं प्लॅस्टिक १२० अंशांपर्यंत टिकतं. पॉलिइमाइड ३०० च्या वरही टिकतं, पण नेहमीचं पॉलिइमाइड पिवळं-तपकिरी असतं, म्हणून ऊन त्यातून आत घ्यायचं असेल तर ते बाद. पेटवर थर थंडच द्यावा लागतो, तो बहुतांशी अस्फटिक राहतो, म्हणून रोध जास्त.

कमी तापमानाला ऑक्सिजनचं प्रमाण फार नाजूक ठरतं. आर्गॉनमध्ये तो साधारण अर्धा ते दोन टक्के सोडतात. कमी पडला तर थर तपकिरी दिसतो आणि प्रकाश खातो. जास्त झाला तर रिकाम्या जागा भरून जातात, थर स्वच्छ दिसतो आणि रोध भडकतो. डोळ्यांना छान दिसणारा थर वाहक असेलच असं नाही, ते इथून येतं. प्रमाणाची खिडकी टार्गेट झिजत जाईल तशी सरकते, त्यामुळे एकदा जमलेली कृती महिन्याभराने तपासून घ्यावी लागते.

दुसरी अडचण आकसण्याची. पेट तापवून थंड केलं की किंचित आकसतं. ०.२ टक्का ऐकायला किरकोळ वाटतं, पण ३०० मिलिमीटर रुंद फिल्मवर तो ०.६ मिलिमीटर होतो आणि लेसरच्या तीन रेघांची जागा त्याहून कमी असते. पहिल्या आणि तिसऱ्या रेघेच्या मधे फिल्म तापवली गेली तर रेघा एकमेकींवर चढतात आणि शॉर्ट होतो. उपाय साधा आहे: उष्णतेने आधीच स्थिर केलेली फिल्म घ्या, पुढे जितकं तापमान लागणार त्याहून थोड्या जास्त तापमानाला ती मोकळी ठेवून आकसू द्या, आणि मगच पहिली रेघ मारा.

टिन ऑक्साइडमध्ये फ्लोरिन घातलेला एफटीओ हा स्वस्त पर्याय काचेवर उत्तम चालतो. क्षारांचं द्रावण ४५० ते ५०० अंशांच्या तापल्या काचेवर फवारलं की तो तयार होतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अशा फवारणीच्या पातळ थरांवर गेली कित्येक वर्षं काम चालत आलंय. पण २५०-२६० अंशांना वितळणाऱ्या पेटवर ही वाट बंदच.

वाकवल्यावर नेमकं काय होतं

पुठ्ठा वाकवला की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. बाहेरच्या पृष्ठावरचा ताण म्हणजे फिल्मची जाडी भागिले वक्रतेच्या त्रिज्येची दुप्पट. १२५ मायक्रॉनची फिल्म १० मिलिमीटर त्रिज्येवर वाकवली तर ताण ०.६ टक्के, ५ मिलिमीटरवर १.२५ टक्के, अडीच मिलिमीटरवर २.५ टक्के. आयटीओ साधारण १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान तडकतो. नेमका कधी, ते थराच्या जाडीवर आणि चिकटण्यावर अवलंबून. फिल्म ५० मायक्रॉनची घेतली तर अडीच मिलिमीटर त्रिज्येलाही ताण १ टक्क्यावर थांबतो. म्हणजे घट वाकवायचा असेल तर पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय पदार्थ बदलण्याचा नाही, फिल्म पातळ करण्याचा आहे. दुसरा उपाय, घटावर तितक्याच जाडीची फिल्म चिकटवून नाजूक थर मधोमध आणायचा. मधल्या रेषेवर ताणही नसतो आणि दाबही नसतो.

वाकवण्याच्या चाचण्यांत दोन चुका वारंवार होतात. तडे वाकवण्याच्या अक्षाला समांतर पडतात. रोध त्याच दिशेने मोजला तर प्रवाह तड्यांच्या शेजारून निघून जातो आणि थर ठणठणीत असल्याचा भास होतो. मोजायचं ते तड्यांना ओलांडून. दुसरी चूक म्हणजे फिल्म सरळ केल्यावर मोजणं. सरळ होताना तड्यांच्या कडा पुन्हा टेकतात आणि रोध बराचसा पूर्ववत दिसतो. वाकलेल्या स्थितीत मोजलं की खरं कळतं. शिवाय नुसतं ‘१००० वेळा वाकवलं’ याला अर्थ नाही. त्रिज्या, फिल्मची जाडी आणि थर बाहेर होता की आत, हे तिन्ही लिहिलं तरच दुसऱ्याला तुलना करता येते. चाचणीसाठी महागडं यंत्रही लागत नाही. वेगवेगळ्या व्यासांच्या पीव्हीसी पाइपांचे तुकडे कॉलेजच्या प्रयोगशाळेत पुरतात. फक्त बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून घ्यावा.

आयटीओला पर्याय

चांदीच्या नॅनोतारा हा सध्याचा सर्वांत वापरता येण्याजोगा पर्याय वाटतो. २० ते १०० नॅनोमीटर जाड आणि १० ते ५० मायक्रॉन लांब अशा तारांची शाई फिल्मवर पसरली की तारा एकमेकींवर पडून जाळं तयार होतं. मधल्या जागेतून प्रकाश जातो. ९० टक्क्यांच्या आसपास पारदर्शकता ठेवून १० ते २० ओहम मिळतात, आणि वाकवल्यावर जाळं तडकत नाही, कारण तारा वाकतात.

तारा तयार करायला इथिलीन ग्लायकॉलमध्ये १६० अंशांच्या आसपास सिल्व्हर नायट्रेट सावकाश सोडतात. सोबत पीव्हीपी हे पॉलिमर आणि क्लोराइडचा अगदी थोडा अंश असतो. पीव्हीपी तारेच्या बाजूंना चिकटतं, म्हणून चांदी टोकांनाच वाढत राहते. ढवळण्याचा वेग जास्त झाला किंवा क्लोराइडचं प्रमाण चुकलं तर तारांऐवजी गोळे जास्त बनतात. तारा झाल्या की तेच पीव्हीपी आडवं येतं. दोन तारांच्या सांध्यात ते राहिलं तर तार चांदीची असूनही सांधा रोधक. म्हणून शाई अॅसिटोन आणि इथेनॉलने पुन्हा पुन्हा धुवायची, आणि पसरल्यावर १२०-१५० अंशांना १०-१५ मिनिटं भाजायची किंवा रोलरखाली दाबायची. पेटवर भाजायला वाव कमी, तिथे दाबणंच बरं. तापमान २०० च्या पुढे गेलं की बारीक तारा तुटून थेंब होतात आणि जाळंच संपतं.

या तारांचा घटात त्रास होतो तो उंचीचा. ३० नॅनोमीटरच्या तीन तारा एका जागी आल्या की ९० नॅनोमीटरचा उंचवटा झाला, आणि वरचा वाहतूक थर, म्हणजे शोषक थरातली वीज इलेक्ट्रोडकडे नेणारा थर, जेमतेम ३०-५० नॅनोमीटरचा. तार तो भेदून वर निघते आणि घट शॉर्ट होतो. यावर सुरेख तोड आहे. तारा आधी काचेवर पसरायच्या, वरून द्रव रेझिन ओतून घट्ट होऊ द्यायचं आणि सोलून उलटं करायचं. काचेला लागलेली सपाट बाजू वर येते आणि तारा रेझिनमध्ये रुतलेल्या राहतात. दुसरा त्रास रासायनिक. घरातली चांदीची भांडी ज्या गंधकाने काळी पडतात, तेच या तारांनाही खातं, आणि इतक्या बारीक तारेला गमवायला फारसं काही नसतं. पेरोव्हस्काइटमधलं आयोडाइड चांदीपर्यंत पोहोचलं तर सिल्व्हर आयोडाइड बनतं. म्हणून मध्ये छिद्रं नसलेला ऑक्साइडचा थर लागतोच.

धातूची आखीव जाळी हा दुसरा मार्ग. ३ मायक्रॉन रुंद रेघा १५० मायक्रॉन अंतराने दोन्ही दिशांना मारल्या तर सावली ४ टक्के पडते. चांदीची जाडी अर्धा मायक्रॉन असेल तर रोध २-३ ओहमच्या आसपास येतो. आयटीओला हे प्लॅस्टिकवर शक्य नाही. अशी जाळी आखायला महाग उपकरणं लागतात, पण बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड सायंटिफिक रिसर्चमधल्या गटाने त्यावर फार देखणा तोडगा काढला. वाळल्यावर आपोआप तडे जाणारं अॅक्रिलिक, नेलपॉलिशसाठी मिळतं तसलं, पृष्ठावर पसरायचं. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ भेगाळतो तसं ते भेगाळतं. वरून धातू बसवायचा आणि अॅक्रिलिक धुऊन काढायचं. भेगांत बसलेल्या धातूची एकसंध जाळी उरते. जाळी आखीव असो वा भेगांची, मधल्या मोकळ्या चौकटीतून वीज रेघेपर्यंत आणायला पेडॉट-पीएसएससारखं वाहक पॉलिमर किंवा पातळ ऑक्साइड हवंच. पेडॉटमध्ये ५ टक्के डायमिथिल सल्फॉक्साइड हे द्रावक घातलं की त्याची वाहकता शेकडो पटींनी वाढते. मात्र ते आम्लधर्मी आहे आणि दमट हवेत पाणी ओढतं, म्हणून आयटीओवर थेट दिलं तर हळूहळू तो कुरतडतं.

ग्राफीनचा एक थर फक्त २.३ टक्के प्रकाश शोषतो, पण तांब्याच्या पत्र्यावरून फिल्मवर उचलून ठेवताना तो फाटतो आणि सुरकुततो. सौरघटासाठी तरी तो अजून लांबचा पल्ला.

फिल्म हातात आल्यावर

मल्टिमीटरच्या दोन टोकांनी मोजलेला रोध विश्वासाचा नसतो, त्यात टोकांचा संपर्करोध मिसळतो. चार टोकांनी मोजावं. बाहेरच्या दोन टोकांतून प्रवाह, आतल्या दोहोंवर व्होल्टेज, आणि भागाकाराला ४.५३ ने गुणायचं. १ मिलिअँपियरला ३.३ मिलिव्होल्ट आले तर रोध १५ ओहम. हा गुणक फिल्म टोकांमधल्या अंतराच्या मानाने पुष्कळ मोठी असतानाच खरा; छोट्या तुकड्याला किंवा कडेजवळ तो चालत नाही. नॅनोतारांवर टोकं रुततात. तिथे २ बाय २ सेंटीमीटरचा चौरस कापून समोरासमोरच्या कडांना चांदीची पेस्ट लावावी आणि प्रत्येक कडेला दोन तारा जोडून मोजावं.

पारदर्शकतेचा आकडा वाचताना तो फिल्मसकट आहे की फिल्म वजा करून, हे विचारावं. साधी काचही सुमारे ८ टक्के प्रकाश परतवते, त्यामुळे ‘९२ टक्के’ याचे दोन फार वेगळे अर्थ होतात. दोन थरांची तुलना करायला हाके या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये दिलेलं मोजमाप सोयीचं आहे: पारदर्शकतेचा दहावा घात भागिले रोध. ९० टक्के आणि १५ ओहमच्या थराला ०.०२३ येतात, ८५ टक्के आणि १० ओहमच्या थराला ०.०२०. पण दीड सेंटीमीटर रुंद पट्टी करायची असेल तर १० ओहमचा थरच बरा ठरतो, म्हणून वरचं नुकसानाचं गणित एकदा करूनच निवड करावी.

आयटीओ कोरायचा असेल तर ठेवायच्या भागावर कॅप्टॉन (पॉलिइमाइडची) टेप लावून उघड्या भागावर जस्ताची पूड टाकतात आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडतात. हायड्रोजन निघतो, म्हणून हे फ्यूम हूडमध्ये (वायू ओढून घेणाऱ्या कपाटात), हातमोजे आणि चष्मा घालूनच. कोरल्यावर दोन पट्ट्यांमधला रोध मेगाओहममध्ये आला पाहिजे. टेपची कड नीट बसली नसेल तर आम्ल आत झिरपतं आणि रेघ वेडीवाकडी येते.

शेवटी पाणी. साध्या पेट फिल्ममधून दिवसाला चौरस मीटरमागे काही ग्रॅम वाफ आत जाते. पेरोव्हस्काइट आणि सेंद्रिय घटांना एक हजारांश ग्रॅम, कधी एक दशलक्षांश ग्रॅमपर्यंत खाली आलेली फिल्म लागते. त्यासाठी ऑक्साइड आणि पॉलिमर यांचे थर आलटून पालटून देतात, म्हणजे एका ऑक्साइड थरातलं छिद्र दुसऱ्यातल्या छिद्रासमोर येत नाही. पण हे अडथळ्याचे थरही आयटीओसारखेच ठिसूळ. वाकवण्याचं सगळं गणित त्यांनाही लागू. आणि फिल्म कितीही चांगली असली तरी पाणी कडेने, चिकटवणाऱ्या गोंदातून, आडवं शिरतं. म्हणून घटाभोवती किमान सेंटीमीटरभर मोकळी पट्टी सोडावी, तिथे ब्युटाइल रबराचा सील द्यावा, आणि वीज बाहेर आणणारी धातूची पट्टी जिथून निघते ती जागा दोनदा तपासावी. गळतीची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.